शूबिल पुस्तिका : प्रकल्प नोंदी

३ जून

पुस्तिकेचं काम आजपासून सुरू. सोळा पानं, वाचक पाचवी ते आठवीतली मुलं, विषय एकच पक्षी : आफ्रिकेच्या दलदलीतला शूबिल. चित्रं ताई काढणार, मजकूर मी लिहिणार, आणि प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले सर चुका काढणार. तिघांत सर्वात उत्साही सर आहेत.

मुखपृष्ठ पाच मिनिटांत ठरलं. पानभर चेहरा, अगदी समोरून. रोखून बघणारे फिकट डोळे, हसू दाबून धरल्यासारखी चोच, मानेमागे झोपेतून उठल्यासारखा विस्कटलेला तुरा. मोबाइलवर हा चेहरा प्रत्येकानं कधी ना कधी पाहिलेला असतो, नाव माहीत नसतं इतकंच. मुलं पुस्तिका उचलतील ती या चेहऱ्यामुळेच, यावर तिघांचंही एकमत.

एका प्राणिसंग्रहालयानं त्यांच्याकडच्या दोन शूबिलांचं चित्रीकरण आम्हाला बघायला दिलं आहे. शेजारशेजारचे दोन पिंजरे, मध्ये जाळी. ते बघून मी वर्तनाचा तक्ता भरणार. दर दहा मिनिटांनी एक नोंद : पक्षी त्या क्षणी काय करतोय.

५ जून

पहिला तास : उभा, उभा, उभा, उभा, उभा, उभा.

दुसऱ्या तासात एकदा मान वळवली. मी इतका सावरून बसलो की जणू काही घडलंच.

आपल्या भाषेनं बगळ्याच्या उभं राहण्याला ‘बकध्यान’ म्हणून ढोंगाच्या खात्यात टाकलं आहे. या पक्ष्यापुढे बगळा अगदीच चुळबुळ्या वाटतो. हा एका पायावरून दुसऱ्या पायावर भारसुद्धा टाकत नाही. चोच छातीवर टेकवून, नजर पाण्यात लावून, बस्स. जपानमध्ये तर ‘न हलणारा पक्षी’ हीच त्याची कीर्ती आहे, आणि तो हलतो का हे बघायला लोक त्याच्यासमोर ताटकळत थांबतात.

तिसऱ्या तासात माझं पेन खाली पडलं. ते उचलून वर येईपर्यंत काम उरकलं होतं : पाणी ढवळलेलं, चोचीत शेवाळाचा भारा, त्यातून शेपटी वळवळतेय. मागे जाऊन सावकाश बघितलं. तो मान पुढे फेकत नाही. पंख उघडतो आणि अख्खा देहच पाण्यावर सोडून देतो, उभा खांब कोसळावा तसा. मग पंख टेकत, चोचीचा आधार घेत सावरून उठतो. चोचीत मासा, गवत, चिखल सगळं एकत्र आलेलं. जबडा थोडा थोडा हलवत गवत कडेनं गाळून टाकतो. चोचीच्या कडा धारदार असतात, टोकाला वाकडा आकडा. मासा गिळायच्या आधी बऱ्याचदा त्याचं डोकं उडालेलं असतं.

हा तुकडा मी अकरा वेळा बघितला. तक्त्यात मात्र नोंद ‘उभा’च, कारण दहाव्या मिनिटाला तो पुन्हा उभा होता. पद्धतीचा दोष. उद्यापासून अधल्यामधल्या घटनांसाठी वेगळा रकाना.

८ जून

‘हा पक्षी खूप सहनशील असतो’ असं वाक्य मी लिहिलं होतं. सरांनी लाल रेघ मारली. ‘सहनशील म्हणजे काय? कारण लिही.’

कारण त्याच्या जेवणात आहे. दाट दलदलीच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. तिथला फुप्फुसमासा नुसत्या कल्ल्यांवर जगू शकत नाही, त्याला हवा घ्यायला पृष्ठभागावर यावं लागतं. मांगूर जातीचे मासेही असेच वर येऊन हवा घेतात. शूबिल उभा असतो तो अशाच जागी, वनस्पतींमधल्या मोकळ्या पाण्याच्या कडेला. सर म्हणाले, ‘अरे, माशाला वर यावंच लागतं. मग ह्यानं कशाला पळापळ करायची?’

हे वाक्य मी जसंच्या तसं पान चारवर घेतलं. सरांना अजून सांगितलेलं नाही.

याच पानावर पायांचं चित्र. मधलं बोट सतरा-अठरा सेंटिमीटर लांब. तरंगत्या वनस्पतींच्या गाद्यांवर उभं राहायचं तर वजन पसरावं लागतं, म्हणून ही बोटं.

११ जून

नाव. आजचा सगळा दिवस यात गेला आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

अरबीत याला अबू मरकूब म्हणतात, म्हणजे सपाताचा बाप. इंग्रजी नावही बुटावरूनच. ताईंचं म्हणणं, मग मराठीनंच का मागे राहावं? आपल्याकडे पायात घालायच्या वस्तूंना शब्दांची ददात नाही. जोडा, वहाण, पायताण, खेटर, सपाता, चढाव. ‘जोडाचोच’ बरं वाटतं, पण ऐकताना जोड्यानं राहणारा पक्षी वाटतो, आणि हा तर एकलकोंडा. ‘खेटरचोच्या’ला मुलं हसतील, पण ती शिवी वाटते. ‘पायताणचोच्या’ माझं आवडतं. ते ऐकून सर म्हणाले, ‘पक्षी मोठा झालाय रे, नावानं कशाला बडवतोस!’

शास्त्रीय नावाचा थाट वेगळाच : बलीनिसेप्स रेक्स. देवमाशाच्या डोक्याचा राजा. जॉन गूल्ड यांनी १८५० मध्ये हे नाव दिलं, नाईलच्या वरच्या खोऱ्यातून मॅन्सफील्ड पार्किन्स यांनी आणलेल्या नमुन्यांवरून. एकाच चोचीत कुणाला सपाता दिसली, कुणाला देवमासा.

शेवटी पुस्तिकेत ‘शूबिल’च ठेवलं. मूल उद्या आणखी माहिती शोधायला गेलं तर त्याला हेच नाव सापडेल. पायताणचोच्या पान दोनवर चौकटीत. हट्टानं.

१२ जून

नातेवाईक. दिसायला करकोचा, उभं राहणं बगळ्याचं, उडतानाही मान बगळ्यासारखी आखडून घेतो. बरीच वर्षं त्याला करकोच्यांत धरायचे. १९५७ मध्ये पॅट्रिशिया कॉटम यांनी हाडांचा अभ्यास करून तो पेलिकनला जवळचा असल्याचं मांडलं, आणि पुढे जनुकांच्या अभ्यासानंही तेच दाखवलं. आज तो पेलिकनच्या गणात आहे. अर्धं पान पुरे.

१६ जून

पुठ्ठ्याची चोच तयार झाली. मूळ मापाची : लांबी चोवीस सेंटिमीटर, रुंदी जवळपास माझ्या तळहाताएवढी. ताईंनी वर पिवळट-राखाडी रंग देऊन तपकिरी डाग टाकले. खालचा जबडा बिजागरीसारखा दोऱ्यानं बांधला. तो सोडला की ‘टक्’ असा आवाज येतो. खरा पक्षी अशी चोच वाजवतो तेव्हा लाकडी फळ्यांवर काठी फिरवल्यासारखी सलग खडखड ऐकू येते. एरवी तो जवळजवळ मुकाच. पिल्लू भूक लागली की उचकी लागल्यासारखा आवाज काढतं, हे वाचून ताई दिवसभर उचक्या देत होत्या.

पंखांच्या मापासाठी भिंतीवर दोरी ताणली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे अडीच मीटर, भिंत कमी पडली. उंची एकशेवीस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे दुसरीतल्या मुलाएवढी. वजन मात्र चार ते सात किलो. मुलांना हीच गोष्ट चक्रावून टाकेल : त्यांच्या धाकट्या भावाच्या उंचीचा पक्षी, आणि भाऊ त्याच्या चौपट जड.

२० जून

पान अकरा. इथे मी ‘शूबिलला नमस्कार करा!’ अशी खेळकर चौकट टाकली होती. प्राणिसंग्रहालयांतली अशी चित्रफीत सगळ्यांनी पाहिलेली असते : माणूस वाकतो, पक्षी मान हलवत वाकतो, चोच वाजवतो, माणूस खूश. ताईंनी वाकलेल्या मुलाचं चित्रही काढून ठेवलं होतं, फार सुंदर.

आमच्या चित्रीकरणातही तेच दिसत होतं. डावीकडच्या पिंजऱ्यातला पक्षी देखभाल करणारी बाई आली की वाकायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं चोचीत काड्या धरून तिच्या पायाशी आणून ठेवल्या. मी तक्त्यात ‘मैत्री’ असा शब्द लिहिला आणि तिला पत्र पाठवून विचारलं.

तिचं उत्तर आज आलं. थोडक्यात असं : वाकणं आणि चोच वाजवणं हा घरट्यावर जोडीदाराला करायचा रामराम आहे. काड्या घरट्यासाठी असतात. हा पक्षी पिल्लू असल्यापासून माणसांच्या हातचं खाऊन वाढला, त्यामुळे त्याच्या लेखी जोडीदार म्हणजे माणूस. जाळीपलीकडे मादी आहे, तिच्याकडे तो ढुंकूनही बघत नाही. ‘मला तो आवडतो,’ तिनं पुढे लिहिलं होतं, ‘पण त्याने काड्या आणल्या की मी मागे सरते आणि दार लावून घेते.’

मी तक्ता उघडून ‘मैत्री’ खोडलं. त्या जागी ‘काड्या आणल्या’ एवढंच लिहिलं.

चौकट रद्द. ताईंचं चित्रही रद्द. त्यांनी कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला रंग तपासायला सुरुवात केली, काही बोलल्या नाहीत.

२४ जून

आता पान बारा-तेरा : प्राणिसंग्रहालयं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८६० मध्ये जॉन पेथरिक यांनी दोन जिवंत शूबिल पोचवले होते. तेव्हापासून हा पक्षी बघणाऱ्यांना भुरळ घालतोय. दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि बंदिवासात पिल्लं जन्मल्याच्या ठळक घटना दोन : बेल्जियममधलं, आज पैरी दाइझा या नावानं ओळखलं जाणारं उद्यान, २००८. आणि अमेरिकेत फ्लोरिडातलं टॅम्पाचं प्राणिसंग्रहालय, २००९.

म्हणजे वाघ-सिंहांसारखं इथे नाही. पिंजऱ्यात दिसणारा शूबिल बहुधा पिंजऱ्यात जन्मलेला नसतो. त्याला किंवा त्याच्या आधीच्या कुणाला तरी दलदलीतून उचलून आणलेलं असतं, आणि पिल्लू नेलं की घरट्याचं एक वर्ष वाया गेलं. या पक्ष्याचा चेहरा जितका लोकप्रिय तितकी मागणी जास्त. आणि आमचं मुखपृष्ठ? तोच चेहरा, पानभर. आज पहिल्यांदा खटकलं. बोललो नाही, कारण छपाईचा अंदाज त्याच्यावर घेतलेला आहे.

जोडी का जमत नाही याची कारणं मुलांना सांगता येतील अशी आहेत. एक, नर-मादी दिसायला सारखे, नर जरासा मोठा, त्यामुळे नुसतं बघून जोडी लावता येत नाही. दोन, हे पक्षी एकटे राहणारे. जोडीतलेही दलदलीच्या दोन टोकांना मासे धरतात. त्यांना पिंजऱ्यात कायम एकमेकांसमोर ठेवणं म्हणजे भांडण लावून देणं. तीन, डावीकडच्या पिंजऱ्यातल्या गड्याची गोष्ट.

माझी एक चूक सरांनी पकडली. ‘१९८७ पासून शूबिलच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे’ असं मी लिहिलं होतं. बंदी नाही. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या परिशिष्ट २ मध्ये तो आहे. म्हणजे व्यापार होऊ शकतो, पण निर्यात करणाऱ्या देशाचा परवाना लागतो, आणि या विक्रीनं रानातल्या पक्ष्यांना धोका नाही असं त्या देशानं ठरवावं लागतं. ‘बंदी लिहिलंस तर मुलांना वाटेल काम झालं,’ सर म्हणाले. वाक्य बदललं. लांबलं, पण खरं झालं.

१ जुलै

आठ दिवस काम बंद होतं, ताप. पडल्या पडल्या पान सहा-सात, म्हणजे नकाशाची पानं, जुळवली. दक्षिण सुदानची सुद्द दलदल, युगांडा, काँगोचा पूर्व भाग, पश्चिम टांझानिया, झांबिया. एकूण पक्षी ५,००० ते ८,००० असा अंदाज. धोक्यातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’. गवत जाळणं, गुरांनी घरटी तुडवणं, दलदल आटवून शेती, तेलाचा शोध आणि पिल्लांची चोरी, ही धोक्यांची मोळी.

मबांबाची गोष्ट मात्र सविस्तर घेतली. युगांडात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठची पाणथळ, २००६ पासून रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत. तिथल्या कोळ्यांची समजूत होती की सकाळी हा पक्षी दिसला की जाळं रिकामं येतं. मग दिसेल तिथे त्याला मारायचे, हुसकायचे. आज तेच कोळी लांबट होड्यांतून पाहुण्यांना पपायरस या उंच पाणगवतामधल्या अरुंद पाणवाटांनी घेऊन जातात, शूबिल दाखवायला. आणि तो दिसला नाही तर दिवस वाया जातो. अपशकुनाची दिशाच फिरली. कुणी व्याख्यान देऊन हे झालं नाही. पक्षी जिवंत ठेवण्यात रोजी आहे हे दिसलं आणि झालं.

सरांचा आक्षेप : होड्या फार जवळ गेल्या तर तोही त्रासच. खरं आहे. एक ओळ वाढवली.

५ जुलै

चाचणी वाचन. नऊ मुलं, कच्ची प्रत, पुठ्ठ्याची चोच.

चोचीनं अपेक्षेप्रमाणे दंगा केला. पायताणचोच्या हिट. पान चार नीट समजलं. एक मुलगा फुप्फुसमाशासारखा गाल फुगवून बाकाखालून वर यायचा आणि दुसरा त्याच्यावर कोसळायचा. यापेक्षा चांगली परीक्षा कोणती घेणार?

मग पान नऊ, घरटं. तरंगत्या गवतावर मोठा चौथरा, बहुधा दोन अंडी, महिनाभर उबवणं. ऊन वाढलं की आई-बाप चोचीत पाणी भरून आणतात आणि अंड्यांवर ओततात. हे मुलांना फार आवडलं. पुढे मी लिहिलं होतं : ‘त्यातलं एक पिल्लू मोठं होतं.’

सहावीतल्या एका मुलीनं हात वर केला. ‘आणि दुसरं?’

मी म्हणालो, पहिलं आधी जन्मतं, ते मोठं असतं, सगळं खाणं त्यालाच मिळतं.

‘हो, पण दुसऱ्याचं काय होतं?’

मग खरं ते सांगितलं. मोठं पिल्लू धाकट्याला चोचीनं टोचतं, कडेला ढकलतं. आई-बाप मध्ये पडत नाहीत. बहुतेक वेळा धाकटं मरतं.

वर्ग शांत झाला. ती म्हणाली, ‘मग ते दुसरं आपण घेतलं तर?’

उत्तर माझ्याकडे होतं, पण पुस्तिकेत नव्हतं. पान अकरा रिकामंच आहे.

८ जुलै

पान अकरा लिहून झालं. बांगवेउलू, झांबिया. नावाचा अर्थ, जिथे पाणी आभाळाला भेटतं ती जागा. २००८ पासून आफ्रिकन पार्क्स ही संस्था तिथल्या लोकसमूहांबरोबर ही दलदल सांभाळते. स्थानिक कोळ्यांनाच घरट्यांचे राखणदार म्हणून पगारावर नेमलंय. राखणदार घरट्यापासून अंतर ठेवून मुक्काम करतो, पिल्लू उडेपर्यंत, म्हणजे साधारण साडेतीन महिने. चोर येऊ द्यायचा नाही, वणवा येऊ द्यायचा नाही. शिवाय डिसेंबर ते फेब्रुवारी मासेमारी बंद, माशांची पैदास व्हावी म्हणून. मासा राहिला तर पक्षी राहील, आणि कोळीही.

आणि दुसरं पिल्लू. २०२२ पासून तिथे एक संगोपन केंद्र आहे. एरवी मरणारं धाकटं तिथे वाढवायचं आणि परत दलदलीत सोडायचं. पण डावीकडच्या पिंजऱ्यातल्या गड्यासारखं त्याचं होऊ नये, म्हणून माणसाचा चेहरा त्याला दिसू देत नाहीत. वाढवणारे राखाडी झगा घालतात, डोकं-तोंड झाकतात आणि हातात शूबिलच्या डोक्याची बाहुली घेऊन तिच्या चोचीतून मासा भरवतात.

हे ऐकून ताई उठल्या, कपाटावरची पुठ्ठ्याची चोच आणली, ओढणी डोक्यावरून घेतली आणि आतून म्हणाल्या, ‘अशी?’

पान अकराचं चित्र तेच. पाठीमागून, चेहरा न दाखवता.

१० जुलै

मुखपृष्ठाचं शेवटी बोललो. पुस्तिकेत सोळापैकी दोन पानांवर आपण सांगतोय की या चेहऱ्याची हौस पक्ष्याला महागात पडते, आणि वर तोच चेहरा लावतोय. मला वाटलं होतं, ताई वैतागतील. त्या म्हणाल्या, ‘मी वीस तारखेपासून वाट बघतेय तू कधी म्हणतोस याची.’

सर विरोधात. ‘मुलं उचलणारच नाहीत.’ त्यांचं म्हणणं चूक आहे असं मलाही म्हणता येत नाही. तासभर वाद. तडजोड : चेहरा आत, पान तीनवर, मूळ मापात, चोचीचे भाग दाखवणाऱ्या रेघांसकट. मुखपृष्ठावर दलदल.

१४ जुलै

नवं मुखपृष्ठ आलं. तीन चतुर्थांश आभाळ, खाली पपायरसची हिरवी पट्टी, एक अरुंद होडी, तिच्यात बांबू टेकवून बसलेला राखणदार. ताईंनी त्याच्या सदऱ्याला कोपरावर ठिगळ काढलंय. का, ते विचारलं नाही.

छापखान्यातून दुपारी फोन. ‘फाइल मिळाली. पण यात पक्षी कुठाय?’

डावीकडे, होडीपासून लांब, गवताच्या मागे. पाठमोरा. घरट्यावर वाकलाय, चोचीतून पाणी ओततोय.

‘सापडला,’ ते म्हणाले. मग विचारलं, ‘तो जरा मोठा करून देऊ का?’

नको म्हणून सांगितलं. प्रती गुरुवारी मिळतील.